आजीचं आधार कार्ड आणि बाकांची बस: वर्गात मुलांकडून नाटुकलं लिहून घेण्याची रीत

पहिल्या वर्षी नाटक मीच लिहिलं होतं. स्वच्छतेवर. चार पानं, शेवटी सगळ्यांनी मिळून द्यायची घोषणा. पोरांनी घडाघडा पाठ केलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. आठवडाभराने सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत जवळ आला आणि म्हणाला, “टीचर, त्या नाटकात मी म्हणतोय नव्हं, कचऱ्याची विल्हेवाट... ती वाट कुठं जाती?”

पंधरा दिवस तालीम झाली होती. तो ते वाक्य ठसक्यात म्हणायचा, हातवारेही बरोबर असायचे. आणि त्याच्या डोक्यात विल्हे नावाच्या कुठल्यातरी गावाची वाट होती.

त्यानंतर मी मुलांसाठी एकही संवाद लिहिलेला नाही. बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरच्या वाटेवरच्या मराठी शाळांत शिकवताना जी रीत हळूहळू बसत गेली, ती इथे सांगते. पाचवी ते आठवीच्या वर्गांना ती चालते. गॅदरिंगच्या नाटकाशी तिची गल्लत करू नका. तिथे पाहुणे खूश झाले की काम झालं. इथे धडा कळला पाहिजे, आणि प्रयोग थोडा फसला तरी बिघडत नाही.

धडा निवडताना

सगळे धडे नाटकाचे नसतात. ‘पाणी वाचवा’ हा विषय आहे, त्यात नाटक नाही. एका विहिरीवर दोघींच्या घागरी आणि पाणी एकीपुरतंच, हे नाटक आहे. धडा वाचताना एवढंच शोधा: एकाला एक हवंय, दुसऱ्याला नेमकं त्याच्या उलट हवंय, आणि दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे, अशी जागा कुठे आहे?

इतिहासात अशा जागा पुष्कळ आहेत, पण मुलं थेट लढाईकडे धावतात. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा धडा आला की पट्ट्यांच्या तलवारी निघतात. मी त्यांना लढाईच्या आधी थांबवते. 1824 मध्ये कित्तूरचा राजा वारला, दत्तक मुलाला मान्यता द्यायला इंग्रजांनी नकार दिला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने खजिन्याला सील ठोकलं. त्या सीलसमोर उभं केलं की मुलं विचारात पडतात. सील लावणारा शिपाई इथलाच असेल का? त्याला राणीची भीती जास्त की साहेबाची? किल्ली कुणाकडे? चन्नम्मा आमच्या काकतीची लेक, त्यामुळे पोरांचा जीव आधीच तिच्या बाजूला असतो. म्हणूनच शिपायाचं म्हणणं त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. सगळं शिक्षण तिथे होतं.

विज्ञानाला जरा जपून. प्रकाशसंश्लेषणात ‘मी सूर्य, मी पान’ असे संवाद लिहायला लावले की मुलं पुस्तकातली वाक्यंच नाकात बोलतात. त्यापेक्षा खानापूरच्या कुंभाराची भट्टी घ्या: माती, पाणी, आच, आणि तडा गेलेलं मडकं परत घेऊन आलेलं गिऱ्हाईक. मडक्याला तडा का गेला हे कुंभाराला सांगावं लागतं, आणि ते सांगण्यासाठी मुलांना आधी समजून घ्यावं लागतं.

खाली जे उदाहरण घेते ते नागरिकशास्त्राचं. सातवीला राज्य शासनाचा भाग शिकवत होते. विधानसभा, मंत्रिमंडळ, योजना, सगळं फळ्यावर. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “टीचर, आमच्या आजीला बशीत तिकीट पडलं.” शक्ती योजनेमुळे 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो आणि त्याचे पैसे सरकार परिवहन महामंडळाला देतं. पण आजीचं आधार कार्ड चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं. तिकडे 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही त्यांच्या राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे एकच आजी, एकाच दिवशी, सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा. राज्य म्हणजे काय हे शिकवायला याहून सोपा धडा मला मिळाला नसता. मी फळा पुसला.

वेळ कुठून काढायचा

चाळीस मिनिटांचे बारा तास लागतात. प्रसंग ठरवायला एक, कुणाला काय विचारायचं ते ठरवायला एक, तोंडी करून बघायला दोन, लिहायला तीन, दुरुस्तीला एक, तालमीला तीन, प्रयोग आणि प्रश्नोत्तरांना एक. हे सगळे मराठीच्या तासांतून काढू नका. समाजविज्ञान आणि कन्नडच्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा, शनिवारची सकाळची शाळा वापरा. आठवड्याला तीन तास धरले तर महिन्यात होतं.

एक चूक मी दोनदा केली आहे. लिखाण दसऱ्याच्या सुट्टीआधी आणि प्रयोग सुट्टीनंतर ठेवला. परत आल्यावर वह्या हरवलेल्या, कंडक्टर मामाच्या गावी राहिलेला. एकतर सुट्टीपूर्वी उरका, नाहीतर सुट्टीनंतरच सुरू करा. जुलै-ऑगस्ट मला बरा वाटतो. जांबोटी-कणकुंबीकडे तेव्हा असा पाऊस असतो की मैदानाचा तास तसाही बुडतोच. 5 नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन गाठायचा मोह होतो, पण त्यासाठी घाई नको. त्या दिवसाची गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. कर्नाटकातून आलेल्या ‘भागवत’ नावाच्या नाटक मंडळींचे खेळ सांगलीत पाहिले गेले, त्यावरून विष्णुदास भाव्यांना प्रेरणा मिळाली आणि 5 नोव्हेंबर 1843 ला त्यांच्या पहिल्या नाटकाचा प्रयोग झाला. आमच्याकडच्या पोरांना हे ऐकून गंमत वाटते.

आधी कान, मग तोंड, मग पेन्सिल

या क्रमात बदल करू नका. मुलांना थेट ‘संवाद लिहा’ म्हटलं की ती निबंध लिहितात आणि प्रत्येक वाक्याआधी कुणाचंतरी नाव टाकतात.

पहिला आठवडा कानाचा. प्रत्येकाने एक छोटी वही करायची. घरात, बसमध्ये, सोसायटीच्या दुधाच्या रांगेत ऐकलेली तीन वाक्यं जशीच्या तशी रोज लिहायची. सुधारायची नाहीत. सोबत विषयाची चौकशी: आजीला विचारा, गावातून जाणाऱ्या बसच्या कंडक्टरला विचारा, रोज बेळगावला कामाला जाणाऱ्या काकूंना विचारा. प्रश्न वर्गात ठरवून पाठवा, नाहीतर सगळे जण ‘तुम्हाला योजना आवडते का?’ एवढंच विचारून येतात. आमच्या वर्गाचा सगळ्यात चांगला प्रश्न होता, “मामा, तिकीट न घेता कुणाला सोडलं तर तुमचं काय होतंय?” त्याच्या उत्तरातून अर्धं नाटक उभं राहिलं.

मग तोंड. पाच-सहा जणांचे गट करा. चिठ्ठीवर प्रसंग एका ओळीत: ‘आजी बसमध्ये आहे. कार्ड दुसऱ्या राज्याचं आहे. पुढचा थांबा जवळ आला आहे.’ तयारीला पाच मिनिटं, करून दाखवायला दोन. शिक्षकाने एकच शब्द बोलायचा, “थांब!” सगळ्यांनी असतील तसे थिजायचं. मग एकाला विचारा, “आत्ता तुझ्या मनात काय चाललंय?” उत्तर आलं की खेळ पुढे. पहिल्या फेरीत सगळे ओरडतील, कुणीतरी उगाच चक्कर येऊन पडेल. येऊ द्या. दुसऱ्या फेरीत तोच प्रसंग, पण अट घालायची: कुणीही आवाज चढवायचा नाही. लिहिण्यासारखे संवाद मला बहुतेक या दुसऱ्या फेरीतच मिळाले आहेत.

हे मोबाईलवर फक्त आवाजात टिपून ठेवा, व्हिडिओ नको. कॅमेरा दिसला की मुलं टीव्हीतल्यासारखी बोलू लागतात.

लिहायला बसल्यावर

टिपलेलं वर्गात ऐकवा आणि गटातल्या लेखनिकाला कामाला लावा. समासाच्या आत पात्राचं नाव, पुढे त्याचं बोलणं, आणि दिसणारी कृती कंसात. एवढाच नियम. ‘आजीला फार वाईट वाटले’ असं कंसात लिहायचं नाही, कारण ते दिसत नाही. ‘आजी खिडकीकडे तोंड करते’ हे दिसतं. हा फरक मुलांना एकदा कळला की त्यांचे निबंधही सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

सातवीच्या एका गटाचं हे पान:

*(बाकांची बस. ड्रायव्हर पाठमोरा. आजी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, शेजारी नात.)*

कंडक्टर : टिकेट, टिकेट! अज्जी, आधार तोरस्री.

आजी : *(पदराची गाठ सोडते)* हे घे बाबा. फोटोत मी वळखू येत न्हाई, खरं मीच हाय ती.

कंडक्टर : *(कार्ड उलटसुलट बघतो)* इदु महाराष्ट्रद्द ऐती, अज्जी. टिकेट तगोबेकु.

आजी : काय म्हणतोय गे ह्यो?

नात : तुझं कार्ड चंदगडचं हाय म्हणतोय. तिकीट काढ म्हणतोय.

आजी : बायकास्नी फुकट हाय नव्हं? मग मी काय शिनोळीपतोर बाई आणि बेळगावात बाप्या व्हतोय व्हय?

*(मागच्या बाकावर हशा. ड्रायव्हर ब्रेक मारतो. सगळे पुढे झुकतात.)*

कंडक्टर : *(हळू आवाजात)* चेकिंग बंद्र नन पगारदाग कट आगतैती, अज्जी.

नात : चेकिंग आलं तर त्याचा पगार कापतात म्हणतोय.

*(आजी त्याच्याकडे बघत राहते. कार्ड परत पदरात बांधते.)*

‘बाप्या’चं वाक्य मला सुचलं नसतं. शेवटची कृतीही नाही.

दुरुस्तीला लाल पेन नको. तीन चाचण्या करा. पात्रांची नावं हाताने झाका आणि नुसतं बोलणं वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहायचं. मग एकेक वाक्य खोडून बघा. खोडल्यावर काहीच अडत नसेल तर खोडलेलंच बरं. तिसरी चाचणी भाषणाची: एखादं पात्र अचानक ‘बंधू-भगिनींनो, शासनाच्या योजनांचा लाभ घेतला पाहिजे’ असं बोलू लागलं, की ते वाक्य शिक्षकाला खूश करायला आलेलं आहे. हळूच काढून टाका. शेवटी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. आठ मिनिटांच्या वर गेलं तर कापा. मुलं खळखळ करतील, ऐकू नका.

शेवट काय करायचा यावर आमच्या पाच गटांत भांडणं झाली. एका गटात कंडक्टरनेच खिशातून पैसे भरले, एका गटात आजी रागाने देसूरला उतरून चालू लागली, एका गटात मागच्या बाकावरच्या बाईने तिकीट काढलं आणि आजीने तिला पिशवीतली काकडी दिली. मी पाचही ठेवले.

भाषेचं काय करायचं

हा भाग आपल्याकडे सगळ्यात नाजूक, आणि सगळ्यात श्रीमंतही. आमचं मूल घरी एक मराठी बोलतं, पुस्तकात दुसरी वाचतं, बसस्टँडवर कन्नड ऐकतं आणि पहिलीपासून इंग्रजी गिरवतं. वेळापत्रकात या चौघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. नाटकात भेटतात.

माझा नियम असा: पात्र जिथलं, भाषा तिथली. आजीच्या तोंडी बोली, कंडक्टरच्या तोंडी कन्नड, निवेदकाच्या तोंडी पुस्तकी मराठी, बँकेच्या मेसेजची इंग्रजी असली तर तीही. आजीच्या पानावरचं ‘खरं मीच हाय ती’ यातलं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याकडच्या माणसाला ते कळणार नाही, आमच्या पहिलीतल्या पोराला कळतं. ते बदलू नका. तसंच ‘व्हतोय’चं. आमच्याकडे बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. वर्गात मी कित्येक वर्षं मुलींच्या वहीतल्या ‘मी गेलो’वर लाल रेघ मारत आले आणि घरी जाऊन आईला “मी आलो गे” म्हणत आले. संवादात ती रेघ मारायची नाही. व्याकरणाचा तास हवाच असेल तर तो नंतर घ्या: आजीचं बोलणं निवेदकाच्या मराठीत लिहून काढायचं, तेही पानभर. प्रमाण भाषा मुलं यातून जास्त नीट शिकतात, कारण दोन्ही रूपं समोरासमोर असतात.

कन्नड संवाद कन्नडच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. आमच्या अक्कोरांनी, म्हणजे कन्नडच्या बाईंनी, कंडक्टरचं पुस्तकी कन्नड खोडून ‘ऐती’, ‘तगोबेकु’ असं इकडचं करून दिलं, आणि मग त्या प्रयोगाला स्वतः येऊन बसल्या.

सीमेचं राजकारण वर्गात येणारच, मुलं घरात ऐकतात. त्यासाठी दोन अटी पहिल्याच दिवशी सांगते. कुठलंही पात्र भाषेच्या जोरावर जिंकणार नाही. आणि हशा शब्दांच्या गोंधळावर चालेल, माणसाच्या बोलण्याची नक्कल करून नको. गोंधळाला तर तोटाच नाही. कन्नडमध्ये दुधाला ‘हालु’ म्हणतात, ‘बा’ म्हणजे ये. एका गटाने लिहिलं होतं: शेजारीण विचारते, “हाल बेकेन्री?” म्हणजे दूध हवंय का, आणि आजी म्हणते, “हाल हायतच की बाई, आणि कशाला?” दोन्ही भाषा येणारं पोरगं आधी हसतं, बाकीचे त्याला अर्थ विचारतात. त्या क्षणी ते पोरगं वर्गाचा मास्तर असतं.

खऱ्या माणसांची नावं आणि गाडीचे नंबर संवादात येऊ देऊ नका. चौकशीत कंडक्टर मामा जे बोलले ते विश्वासाने बोलले होते.

कामं वाटताना

बत्तीस मुलं असतील तर बत्तीस कामं काढा: लेखनिक, आवाज करणारे, सामान सांभाळणारा, संवाद विसरला तर कुजबुजून देणारा, घड्याळवाला. मुख्य काम मोठ्या आवाजाच्या मुलाला देण्याची सवय आपल्याला असते. प्रत्येक तालमीला भूमिका फिरवा आणि शेवटची वाटणी गटावर सोडा.

एक मुलगा वर्षभर वर्गात बोलला नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर करायचा. गटाने त्याला ड्रायव्हर केलं, कारण ड्रायव्हर पाठमोरा असतो. तो पहिल्या बाकावर बसला आणि नाटक संपेपर्यंत तोंडाने गाडी चालवत राहिला. पिरनवाडीला गिअर बदलला, मच्छेला गर्दीत हळू, देसूरनंतर वेग, गणेबैलच्या चढाला इंजिन धापा टाकतंय. कंडक्टर “होल्डान!” म्हणाला की ब्रेकचा चीत्कार, “रैट!” म्हणाला की पुन्हा घुर्र. तो मार्ग त्याने कुठेही लिहून घेतला नव्हता. पुढे त्यालाच आम्ही मार्गाचा नकाशा काढायला दिला आणि अंतराची गणितंही त्याच्याच नकाशावर घातली.

तालीम आणि जागा

कपडेपट नको. पदर, शिट्टी, तिकिटांसाठी जुन्या वहीची पानं, बस. बाकांच्या दोन रांगा तिरक्या लावा, म्हणजे बसलेल्यांचे चेहरे दिसतील. सरळ लावल्या तर प्रेक्षकांना नुसते कान दिसतात.

आवाजाचं मात्र गंभीरपणे घ्या. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की पहिल्या रांगेलाही ऐकू येत नाही. माझी पद्धत अशी: एक मूल मागच्या भिंतीला टेकून उभं करायचं. त्याला ऐकू आलं नाही की त्याने हात वर करायचा, आणि बोलणाऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, ओरडून नाही तर सावकाश. पावसाने अगदीच जोर धरला तर नाटक थांबवून सगळ्यांनी ‘बस पावसात अडकली’ असं करायचं. एकदा खरंच तसं झालं आणि प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला.

पाठांतर सक्तीचं करू नका. प्रसंगाचा क्रम पक्का हवा. संवाद त्याच अर्थाचा पण वेगळ्या शब्दांत आला तर उत्तम, कारण मूल समजून बोलतंय.

प्रयोगानंतरची खुर्ची

प्रयोग चौथीच्या मुलांसमोर, पालक आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, मंडळींसमोर करा. बिसीऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, रांधणाऱ्या मावशींना आठवणीने बोलवा. आमच्या नाटकावर सगळ्यात नेमकी टीका त्यांची होती: “आजी एवढ्या लवकर गप्प बसत न्हाई.”

टाळ्यांनंतर मुलांना घरी सोडू नका. एक खुर्ची मधे ठेवा. एकेक पात्र त्यावर बसतं आणि प्रेक्षक विचारतात. उत्तर पात्राच्याच तोंडून आलं पाहिजे. “कंडक्टर मामा, तुमची स्वतःची आई चंदगडची असती तर?” “फुकट तिकिटाचे पैसे सरकार कुठून आणतंय?” दुसऱ्या प्रश्नाला आमचा कंडक्टर अडकला. मग पुढचे दोन तास कर, अंदाजपत्रक आणि विधानसभा यांत गेले, आणि त्या तासांना मला फळ्यावर काही लिहून द्यावं लागलं नाही.

गुणांचं

हे काम फॉर्मेटिव्हच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, उपक्रमात बसवा, नाहीतर ‘पोर्शन राहिला’ म्हणून कुणीतरी विचारणारच. वीस गुण धरून मी माहिती गोळा करण्याला पाच, लिखाणाला पाच, भाषेच्या वापराला चार आणि गटातल्या कामाला सहा देते. अभिनयाला शून्य. यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात, पण अभिनयाला गुण ठेवले की ड्रायव्हर पुन्हा मुका होतो. शिवाय प्रत्येकाकडून एकट्याने पाच ओळी लिहून घ्या: ‘आजीला तिकीट का पडलं?’ गटाच्या मागे लपलेलं मूल इथे सापडतं, आणि धडा कुठे कच्चा राहिला तेही.

पानं शिवून ठेवा. पाचही शेवट, खाडाखोडीसकट. आम्ही ती वर्गाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. पुढच्या वर्षीची सातवी ती वाचते, पण तेच नाटक करायची परवानगी नाही. आजी तीच ठेवून बस बदलली तर चालते. यंदा ती रेशनच्या रांगेत उभी आहे.